परसातल्या पेरूची वडी: डोळ्यावर जाऊ नका, कढई वजन करा

पाणंद

मार्गशीर्ष लागला की आमच्या मालवण-आचऱ्याच्या पट्ट्यात परसातले पेरू एकदम पिकायला लागतात. आंब्याचं साठ होतं, फणसाची पोळी होते, कोकमाचं आगळ भरून ठेवतात, काजूच्या बोंडांनाही कुणी ना कुणी वाली असतो. पेरू मात्र चार शेजाऱ्यांकडे गेला, मुलांनी तिखटमीठ लावून खाल्ला की संपलं. उरलेला झाडाखाली सडतो. मला ते बघवत नाही, कारण आटवून वडी करायला पेरूइतकं मनासारखं फळ आपल्या परसात दुसरं नाही. पेक्टिन, म्हणजे गर जमवणारं द्रव्य, भरपूर, गर दाट, आणि वास तासभर उकळूनही टिकणारा. म्हणून हा धागा. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांनीही लिहा.

फळं हिवाळ्यातलीच घ्या. पावसाळी पेरू पाणचट असतो आणि त्यात फळमाशीच्या अळ्या. तीन वाटे पिकलेले आणि एक वाटा नुकता रंग बदललेला, करकरीत, असं प्रमाण ठेवा. फळ पिकत जातं तसतसं त्यातलं पेक्टिन फुटत जातं. सगळेच मऊ पेरू घेतले तर वास सुरेख येतो पण वडी धरत नाही. सगळेच कच्चे घेतले तर वडी घट्ट धरते, वासाला मात्र काही नसतं.

देठ आणि बुडाचा वाळका भाग काढून चार-चार फोडी करा. साल ठेवायची. कुकरच्या डब्यात पाणी न घालता तीन शिट्ट्या. गार झाले की पुरणयंत्रातून, बारीक जाळी लावून गाळा. मिक्सर नको. बिया फुटल्या की वडीत कचकच येते आणि मग ती कशानेच जात नाही. गर वजन करून ठेवा. जाळीवर उरलेल्या बिया आणि गाभा यांत वाटीभर पाणी घालून दहा मिनिटं उकळा, आणि ते बुळबुळीत पाणी गाळून गरातच घाला. जमवणारा ऐवज त्यात पुष्कळ असतो.

एक किलो गराला साडेसातशे ग्रॅम साखर, दोन कागदी लिंबांचा रस, चिमूटभर मीठ, शेवटी मोठा चमचाभर लोणी. कढई पसरट आणि जाड बुडाची, स्टीलची किंवा नीट कल्हई केलेली पितळेची. ॲल्युमिनियम नको आणि बिनकल्हईचं पितळ तर मुळीच नको, कारण आंबट गर तासभर त्यात उकळायचा आहे.

आधी गर एकटा पाच-सात मिनिटं परता, मग साखर घाला. साखर विरघळली की सगळं एकदम पातळ होतं, तसंच व्हायला हवं. मग बारीक बुडबुड्यांचा मातकट गुलाबी फेस येतो. वीस-पंचवीस मिनिटांत फेस बसतो आणि बुडबुडे मोठे, जड होतात. प्रत्येक फुटताना फद् करतो आणि शिंतोडा उडवतो. इथून पुढे पुऱ्या बाह्या, लांब दांड्याचा लाकडी कालथा, मुलं स्वयंपाकघराबाहेर आणि हाताशी गार पाण्याची बादली. हा गर १०० अंशांच्या वर तापलेला असतो आणि कातडीला लागला की चिकटून बसतो. शेवटाकडे आवाज पुन्हा बदलतो. फदफद थांबून चरचर सुरू होते, गर चकाकतो, कालथा मधून ओढला की कढईचं बूड दिसतं आणि ती रेघ भरायला गराला वेळ लागतो.

आता मुद्द्याची गोष्ट. "कड सोडू लागलं की उतरवा" असं सगळ्या पाककृतींत असतं. कड सोडणं हे कढईवर, तुपावर, आचेवर अवलंबून असतं. वजन कशावरही अवलंबून नसतं. गाळलेल्या गरात विरघळलेला घनभाग साधारण दहा टक्के, म्हणजे किलोत १०० ग्रॅम. साखर ७५०. झाले ८५०. हे ८५० ग्रॅम कुठे उडून जात नाहीत, उडतं ते पाणी. वडी टिकायला आणि कापायला ७५ टक्के घनभाग लागतो, म्हणजे ८५० मध्ये त्याचाच तिसरा हिस्सा मिळवायचा: साधारण ११३० ग्रॅम. रिकामी कढई कालथ्यासकट आधी वजन करून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. रेघ दिसू लागली की काट्यावर लाकडी पाट ठेवून त्यावर कढई ठेवायची. कढई-कालथ्याचं वजन वजा करून ११३० आले की थांबायचं. जास्त आले तर परत आचेवर.

मग लोणी घोटा, तुपाचा हात लावलेल्या थाळीत दीड सेंटिमीटर जाडीचा थर पसरा, वर पातळ फडकं, आणि रात्रभर हात लावू नका.

कुळीथपिठी

झकास लिवलंस. आमच्या परसात दोन झाडां आसत. अर्धे पेरू पाखरां खातत, उरलेले जमनीर पडान कुजतत. ह्या वर्साक करूचाच.

एक इचारतंय. चुलीर केलां तर चलात? गॅसर तासभर ढवळत रवण्यापेक्षा मांगरात चूल हा, नारळाची सोडणां पण हत खूप.

पाणंद

चुलीवर अधिक चांगली होते, पण दोन टप्प्यांत आच सांभाळा. सुरुवातीला मोठा जाळ हवा. पाणी जितकं लवकर उडेल तितका रंग आणि वास राखला जातो. बुडबुडे जड झाले की सोडणं बाजूला ओढून नुसत्या निखाऱ्यावर. सोडणाचा जाळ भसकन उठतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत तेवढ्यानेच बूड लागतं. काजूचं किंवा आंब्याचं लाकूड असेल तर शेवटासाठी ते ठेवा.

बावखल

वसईतून लिहितेय. आमच्याकडे नाताळच्या फराळात पेरूचं चीज, म्हणजे हीच वडी, नसेल तर ताट पुरं होत नाही. आज्जी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करायला घ्यायची, म्हणजे नाताळपर्यंत वरून कोरडं आणि आतून मऊ होतं. तुमच्या पद्धतीशी जवळजवळ सगळं जुळतं, फक्त आम्ही लोणी एका वेळेस घालत नाही. अर्धं शिजवताना, म्हणजे फदफद सुरू झाल्यावर. त्याने शिंतोडे खूप कमी होतात. अर्धं अगदी उतरवताना, त्याने चकाकी येते.

आणखी एक. थाळीत ओतल्यावर आज्जी वाटीच्या बुडाला तूप लावून त्याने दाबून सारखं करायची. कालथ्याने पसरलं तर वर नांगरल्यासारखे चरे राहतात आणि त्या चऱ्यांत पुढे ओल धरते. शंकरपाळ्यासारख्या वड्या कापून प्रत्येक वडी रंगीत कागदात. गोव्याकडे यालाच पेराद म्हणतात, तिथेही नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळात, दोदोल, नेवऱ्यांबरोबर हे असतंच.

दूरचा_माड

मी मूळचा गुहागरचा, गेली काही वर्षं पोर्तुगालच्या उत्तरेला आहे. धागा वाचून राहवलं नाही, कारण इथे ऑक्टोबर आला की परसापरसात हेच चालू असतं, फक्त फळ वेगळं: मार्मेलो. इंग्रजीत क्विन्स. आमच्या भाड्याच्या घराच्या मागे एक झाड आहे आणि घरमालकीणबाईंनी मला हाताला धरून शिकवलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: दिसायला ओबडधोबड पिवळ्या नासपतीसारखं. सालीवर करडी लव असते, ती खरखरीत फडक्याने पुसून काढावी लागते, आणि पुसताना हाताला जो वास लागतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही. घरात टोपलीभर ठेवली तर सगळी खोली दरवळते. पण कच्चं खाता येत नाही. लाकडासारखं कठीण आणि तुरट इतकं, की तोंडाला मिठी बसते. हे फळ आहेच शिजवण्यासाठी.

पद्धत पाणंदताईंनी लिहिली तीच, थोडे फरक आहेत. कच्चं कापायला सुरी चालत नाही, म्हणून घरमालकीणबाई फळं अख्खी पाण्यात उकळतात, साल सुटायला लागली की बाहेर काढतात आणि मग गर कापतात. बिया आणि गाभा मलमलच्या पुरचुंडीत बांधून शिजताना आत सोडतात. पेक्टिन त्यात भरपूर. मात्र बिया फोडायच्या नाहीत, कारण सफरचंदाच्या बियांसारखंच त्यांच्यातही फुटल्यावर सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गराला साखर जवळजवळ समान वजनाने घालतात.

आणि रंग! फळाचा गर पांढुरका-पिवळा असतो. साखर आणि लिंबू घालून मंद आचेवर ठेवला की आधी नारिंगी, मग गुलाबी, शेवटी विटेसारखा तांबडा होतो. बाहेरचा रंग थेंबभर नाही. त्याच तुरट द्रव्यांचं आंबटपणात आणि उष्णतेत लाल रंगद्रव्य होतं. म्हणजे जे कच्चं असताना तोंडात टिकू देत नाही, तेच शिजल्यावर शोभा आणतं. घाईने मोठ्या आचेवर केलं तर वडी जमते पण रंग फिका राहतो. मोठ्या आचेचा तुमचा नियम पेरूला बरोबर, इथे मात्र उलटा.

शिजलेला गर मातीच्या लहान तसराळ्यांत ओततात आणि वरून कागद लावून खिडकीत वाळवतात. खातात ते चीजच्या कापाबरोबर. स्पेनमध्ये मेंढीच्या दुधाच्या मान्चेगो चीजबरोबर खायची पद्धत आहे. ब्राझीलमध्ये हाच प्रकार पेरूचा करतात आणि तोही पांढऱ्या चीजबरोबरच खातात. खारट आणि गोड एकत्र फार सुंदर लागतं. पेरूच्या वडीबरोबर घरचं ताजं पनीर मीठ लावून खाऊन बघा.

नवी_चूल

कृपया माहिती द्या, हे मार्मेलोचं झाड कोकणात येईल का? रोप कुठे मिळेल?

दूरचा_माड

झाड कदाचित जगेल, पण फळाची आशा धरू नका. याला हिवाळ्यात बऱ्यापैकी कडाक्याची थंडी लागते, त्याशिवाय फुलोरा नीट येत नाही. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतही रात्र फार उतरत नाही. भारतात हे काश्मीरमध्ये होतं. तिथे त्याला बमचूंठ म्हणतात आणि वांग्याबरोबर भाजी करतात.

तुमच्या घरात ते आधीच येऊन गेलेलं असेल, हेही सांगतो. काष्ठौषधींच्या दुकानात खोकल्यासाठी जो बिहीदाणा मिळतो, रात्री भिजत घातला की सकाळी बुळबुळीत होतो, त्या याच फळाच्या बिया. अख्ख्याच भिजवायच्या आणि वरचं बुळबुळीत पाणी तेवढं घ्यायचं.

आगळ

अन्नतंत्रज्ञान शिकवतो, म्हणून थोडं शास्त्राकडून. पाणंद यांची वजनाची रीत शंभर टक्के बरोबर आहे आणि तिचं आणखी एक कारण सांगतो. जॅमसाठी ६५ टक्के घनभाग लागतो. समुद्रसपाटीला तो उकळताना साधारण १०४-१०५ अंशांवर मिळतो, ७५ टक्के १०७-१०८ वर. कोकणात आपण समुद्रसपाटीलाच आहोत म्हणून हे आकडे तसेच लागू पडतात. महाबळेश्वरला पाणीच ९५-९६ अंशांवर उकळतं, तिथे हेच आकडे धरून बसलात तर वडी करपेल. शिवाय इतक्या दाट गरात थर्मामीटर कुठे बुडवता यावर दोन-तीन अंशांचा फरक पडतो, आणि इथे तर जॅम आणि वडी यांच्यात सगळं अंतर तीन अंशांचं आहे. वजनाला ही अडचण नाही.

लिंबाबद्दल. पेक्टिन, साखर आणि आम्ल अशा तिघांचं जमलं तरच गर धरतो. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) तीनच्या आसपास, फार तर साडेतीन हवा. पिकलेला पेरू त्याहून सौम्य असतो, म्हणून लिंबाशिवाय केलेली वडी पुष्कळदा चिवट होते पण धरत नाही. पण सगळा रस सुरुवातीलाच घातला तर तासभराच्या उकळीत आम्ल पेक्टिनच तोडू लागतं. अजिबात उशिरा घातला तर साखर फुटत नाही आणि पंधरा दिवसांनी वडीत खडे धरतात. म्हणून निम्मा रस साखरेबरोबर, निम्मा उतरवण्याआधी पाच मिनिटं.

रंगाचं म्हणाल तर लाल गराच्या पेरूचा रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच. तो उष्णतेला बराच टिकतो. पांढऱ्या गराच्या पेरूची वडी मधासारखी पिंगट होते. तिला लाल करायला रंग घालू नका, तशीच सुंदर दिसते.

अक्षीचा_आगर

आमच्याकडे अलिबागच्या बाजूला लिंबाऐवजी कोकम घालतो. मिठाशिवाय वाळवलेली सालं कोमट पाण्यात तासभर भिजवायची, कुसकरायची, पाणी गाळून घ्यायचं. आंबटपणाही येतो आणि पांढऱ्या पेरूलाही किंचित लाली येते. आमसुलं चालणार नाहीत, त्यांना मीठ असतं. आगळही खारट, तेही नको. मे महिन्यात कोकमं फोडताना चार मुठी सालं पेरूसाठी म्हणून बाजूला वाळवून ठेवायची सवय लावा.

पाणंद

कोकमाचं फारच आवडलं, पुढच्या हंगामात नक्की. बिंबलांचा रसही चालावा असं वाटतं, कुणी करून पाहिलंय का?

आगळ

आम्लाच्या दृष्टीने चालेल, बिंबल चांगलंच आंबट असतं. पण पाणी फार असल्याने आधी रस निम्मा आटवून घ्या.

नवी_चूल

साखर पाऊणपट म्हणजे खूपच झाली ना? अर्ध्यावर नाही का भागणार? आणि गूळ घातला तर पौष्टिक होईल असं सासूबाई म्हणतात. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असतं, ते तरी मिळेल.

पाणंद

अर्ध्यावर भागतं. हिशेब तोच: १०० अधिक ५००, झाले ६००, त्यात तिसरा हिस्सा मिळवा, ८०० ग्रॅमवर उतरवा. मात्र पाऊणपटीत साधारण ६२० ग्रॅम पाणी उडवायचं असतं, इथे ७०० ग्रॅम, तेही कमी मालातून. ढवळणं वाढतं, रंग काळवंडतो आणि वडी चामट होते. ज्यांना पेरूचा उग्र, आंबटसर स्वाद आवडतो त्यांनी करावी. पाहुण्यांना द्यायची वडी मी पाऊणपटीचीच करते.

गुळाबद्दल सासूबाईंचं मन मोडू नका, पण सगळाच गूळ नको. गूळ हवेतली ओल ओढतो, आणि आपल्या हवेला ओलीची कमतरता नाही. वडी चिकट राहते, रंग काळपट, आणि पेरूचा वास गुळाखाली दबतो. साखरेतली चतुर्थांश काढून तिथे पिवळा चांगला गूळ घाला, खमंगपणा छान येतो.

क जीवनसत्त्वाचं खरं सांगायचं तर ताज्या पेरूच्या १०० ग्रॅममध्ये ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. पण तासभर उकळल्यावर त्यातलं बरंचसं जातं. त्यासाठी कच्चा पेरूच खा. ही वडी गोड म्हणून खायची. मधुमेह असलेल्यांनी तर अगदी जपून, कारण हिच्यात निम्म्याहून जास्त साखरच आहे.

कुळीथपिठी

माझ्या झाडाक पावसात ढीगभर पेरू लागतत आणि थंडीत मोजके. थंडीत जास्त येवचे म्हणान काय करूचा?

अक्षीचा_आगर

पेरूला तीन बहर येतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या आंबे बहराच्या फुलाची फळं पावसात, जून-जुलैमधल्या मृगाच्या फुलाची नोव्हेंबर ते जानेवारी, आणि ऑक्टोबरमधल्या हस्ताच्या फुलाची उन्हाळ्याच्या तोंडावर. झाडाची ताकद एकाच बहराला लागावी म्हणून बाकीचे सोडायचे. आम्ही उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतो आणि मेमध्ये शेंड्याकडच्या फांद्या वीतभर छाटतो. आंबे बहराची फळं तिथेच कमी होतात, पाऊस पडला की नवी फूट येते आणि तिच्यावरच मृगाचं फूल धरतं. पेरू नव्या फुटीवरच फुलतो हे लक्षात ठेवा.

फळमाशीसाठी औषध मारत बसू नका. मिथाइल युजेनॉलचा सापळा झाडाला टांगा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्याला लावतात, तोच इथे चालतो. सापळ्यात नर माश्या अडकतात आणि पुढची पैदास घटते. पडलेली, सडलेली फळं मात्र रोज उचलून खोल पुरा, नाहीतर त्यांतल्या अळ्या तुमच्याच मातीत कोष करतात आणि तुमच्याच झाडावर परत येतात.

नवीन कलम लावणार असाल तर सरदार जात घ्या. पुण्याच्या गणेशखिंडीच्या केंद्रात निवडलेली, लखनौ ४९ म्हणूनही ओळखतात. गर पांढरा, फळ मोठं. पण वडीसाठी म्हणाल तर परसातला जुना लाल गराचा गावठी पेरू अजिबात तोडू नका. फळ लहान आणि बिया जास्त असल्या तरी त्याचा वास कलमी पेरूला नाही.

पाणंद

शेवटच्या वाक्याला माझे दोन्ही हात वर. "लहान फळ, नुसत्या बिया" म्हणून घराघरातून गावठी पेरू तोडला जातोय, आणि वडीसाठी तोच सगळ्यात सरस. पुरणयंत्रापुढे बियांचं काय चालतं!

बावखल

अगदी. आमच्याकडेही बंगले उठताना पहिली कुऱ्हाड पेरूवर आणि जांबावर पडते.

टिकवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. थंडीत उत्तरेचा कोरडा वारा असतो तेव्हाच वड्या वाळवून घ्या. जाळीवर ठेवून वर मलमल, दुपारच्या उन्हाच्या कडेला, आणि मध्ये एकदा उलटायच्या. संध्याकाळी घरात. दव पडायच्या आत. मग बटर पेपरचे थर घालून पत्र्याच्या डब्यात. होळीपर्यंत बाहेर उत्तम राहतात. एप्रिलनंतर दमट वाढलं की वड्यांना घाम येतो, तेव्हा फ्रीजमध्ये. आणि पावसाळ्यात डबा उघडा टाकलात तर चार दिवसांत बुरशी. बुरशी दिसली की तेवढाच तुकडा कापून बाकीचं खाऊ नका.

दूरचा_माड

इथे तसराळ्याच्या मापाचा कागद गोल कापून, ब्रँडीत बुडवून गराच्या पाठीवर चिकटवतात. बुरशी वरूनच सुरू होते, तो रस्ता त्याने बंद होतो. ज्यांच्याकडे चालतं त्यांनी फेणीत बुडवून करून बघावं.

नवी_चूल

आज केली! गर ६०० ग्रॅम निघाला, साखर ४५०. हिशेबाने ६०, ४५०, म्हणजे ५१०, अधिक तिसरा हिस्सा १७०, एकूण ६८०. कढई काट्यावर ठेवली तर ७४० दाखवत होती आणि मला वाटत होतं झालंय. तरी परत आचेवर ठेवलं. साधारण सात-आठ मिनिटांत ६८५ आले, तिथे उतरवलं. थाळीत आहे. मधला भाग बोटाला अजून मऊ लागतोय, कडा घट्ट झाल्यात. बिघडलं का?

पाणंद

अजिबात नाही. गार व्हायला वेळ द्या, पेक्टिनची जाळी रात्रभरात पुरी बसते. गरम असताना मऊ लागणारच. सकाळी सुरीला तूप लावून एक कोपरा कापा. काप उभा राहिला आणि सुरीला गर चिकटून आला नाही, तर झाली.

समजा सैल राहिलीच, तरी टाकायचं काही नाही. सगळी परत कढईत, अर्धी वाटी पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, मंद आचेवर विरघळवून घ्या आणि पुन्हा वजनाला आणा. पाणी घातल्याने हिशेब बदलत नाही, ते उडूनच जाणार. तुमचं ठरलेलं वजन ६८०च राहील, चाखून संपवलेली वडी तेवढी वजा करा.

कुळीथपिठी

काटो शेजाऱ्याकडसून आणलंय. पेरू उद्या उतरतलंय. लाल गरावाले.

आगळ

कढईचं रिकामं वजन आधी लिहून ठेवा, कालथ्यासकट. आणि काट्यावर पाट ठेवून मगच शून्य करा.